बॉर्डरवरची शुगर आणि हातातला फोन

ज्याची उपाशीपोटीची शुगर २८० निघते, त्याला लॅबमध्ये फारसं समजवावं लागत नाही. रिपोर्ट हातात पडला की तो तडक डॉक्टरांकडे जातो, सोबत घरचे असतात, त्याच दिवशी गोळ्या सुरू होतात. समजवावं लागतं ते ज्याचा आकडा ११२ आला आहे त्याला. "म्हंजे शुगर न्हाई ना, ताई?" असं तो विचारतो. "शुगर नाही, पण बॉर्डरवर आहे," या माझ्या उत्तरातले पहिले दोनच शब्द त्याच्या कानावर पडतात. कागदाची घडी खिशात जाते. पुढं दोन-तीन वर्षांनी तोच माणूस पायाची जखम भरत नाही म्हणून येतो, आणि तेव्हा आकडा बॉर्डर ओलांडून फार पुढं गेलेला असतो.

मी नांदेडला डॉक्टर लेनमधल्या एका लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. माहेर औसा तालुक्यातलं, शिक्षण लातूरला, सासर नांदेडचं. रक्त काढायचं, नळीवर नाव घालायचं, मशीनला लावायचं आणि रिपोर्ट देताना चार शब्द बोलायचे, एवढंच माझं काम. औषध सांगणं हे डॉक्टरांचं. पण अलीकडं रिपोर्ट दिल्यावर एक प्रश्न हमखास येतो : "ह्याच्यासाठी मोबाइलमधी एखादं ॲप असतंय का?" लातूरच्या आडत बाजारातले व्यापारी विचारतात, विष्णुपुरीचे प्राध्यापक विचारतात, मुखेडहून आलेल्या आजीचा नातूही विचारतो. या प्रश्नाचं काउंटरवर उभं राहून देता येत नाही एवढं उत्तर मला इथं द्यायचं आहे.

आधी आकडे. उपाशीपोटी ९९ पर्यंत ठीक. १२६ किंवा त्याहून जास्त, आणि तेही दुसऱ्यांदा तपासून, आलं तर मधुमेह. मधली १०० ते १२५ ही बॉर्डरची पट्टी. जागतिक आरोग्य संघटना ही पट्टी ११० पासून धरते, त्यामुळे दोन लॅबच्या छापील तक्त्यांत फरक दिसला तर गोंधळून जाऊ नका. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी घेतलेल्या रक्तात १४० ते १९९ आलं तरी तीच पट्टी. आणि ज्याला आपल्याकडं सगळे 'तीन महिन्यांची शुगर' म्हणतात त्या एचबीए१सीमध्ये ५.७ ते ६.४ टक्के.

ही तीन महिन्यांची शुगर कशी कळते, तर तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात. तेवढ्या दिवसांत रक्तात जितकी साखर फिरते, तितकी ती पेशीतल्या हिमोग्लोबिनला चिकटत जाते. आदल्या दिवशी गोड सोडून हा आकडा खाली येत नाही, म्हणून तो मोलाचा. मात्र त्यालाही मर्यादा आहेत. अंगात लोह कमी असलेल्या बाईचा एचबीए१सी प्रत्यक्षापेक्षा थोडा वर दिसू शकतो. सिकलसेलसारख्या आजारात तो फसवा खालीही दिसतो. हा आजार जिथं आढळतो त्या किनवट-माहूरकडचा नमुना असला की मी म्हणूनच उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची शुगरही करून घ्या असं सुचवते. हे ॲपला कळत नाही. तुम्ही ६.० भरलंत की ते पिवळा रंग दाखवतं आणि ५.६ भरलंत की हिरवा. रक्त कमी आहे का, हे त्यानं विचारलेलं मी अजून पाहिलेलं नाही.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या, देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली आले. त्यानुसार भारतात १० कोटींवर लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटी ६० लाख लोक बॉर्डरवर आहेत. म्हणजे रोग झालेल्यांपेक्षा उंबरठ्यावरचे जास्त. याच पाहणीच्या पहिल्या टप्प्यात, २०११ साली, महाराष्ट्रातले ८.४ टक्के प्रौढ मधुमेही आणि १२.८ टक्के बॉर्डरवर सापडले होते. बॉर्डरवरच्या सगळ्यांनाच पुढं मधुमेह होतो असं नाही. काहींचा आकडा मागं फिरतो. तो फिरवता येतो, म्हणून तर हा सगळा खटाटोप.

"पण मी तर शिडशिडीत हाय, मला कामून?" हा दुसरा नेहमीचा प्रश्न. याचं उत्तर पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामात आहे. पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून त्यांनी गरोदर बायांचा आणि त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला. आपली बाळं जन्मतःच वजनानं कमी असतात, पण त्यांच्या अंगावरची चरबी त्या मानानं कमी नसते, स्नायू मात्र कमी असतात, असं त्यांना दिसलं. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी स्वतःचा आणि ब्रिटनमधले त्यांचे सहकारी युडकिन यांचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, अगदी सारखा : २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. बारीक दिसणाऱ्या भारतीय माणसाच्या पोटात चरबी दडलेली असते ती अशी.

मराठवाड्यात या गोष्टीला आणखी एक पदर आहे. माझा जन्म १९७२ च्या दुष्काळातला. मी पोटात असताना आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. सुकडी आणि परदेशातून आलेल्या लाल मिलोच्या भाकरीवर ते वर्ष निघालं, असं ती सांगायची. नेदरलँडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात जी उपासमार झाली, तेव्हा आईच्या पोटात असलेल्या मुलांची पन्नाशीला तपासणी झाली आणि त्यांचं शरीर साखर पचवायला कमी पडतं असं दिसून आलं. पोटात असताना टंचाईची सवय लागलेल्या शरीराला पुढं मुबलकता झेपत नाही, असा त्याचा अर्थ लावला जातो. आमच्या दुष्काळात पोटात असलेली पिढी आज पन्नाशी ओलांडून गेली आहे. मधल्या काळात शिवारात खरिपाच्या ज्वारीची जागा सोयाबीननं घेतली, रेशनवर गहू-तांदूळ आला, चालत जायच्या वाटांवर मोटारसायकली आल्या. माझाही एचबीए१सी ६.१ आला होता, आणि माझं वजन तेव्हा ५४ किलो होतं.

म्हणून ॲप उघडल्यावर पहिली गोष्ट ही तपासा : बीएमआय २४ भरला तर ते काय म्हणतं? बहुतेक परदेशी ॲप २५ पर्यंत सगळं 'नॉर्मल' दाखवतात. भारतीय डॉक्टरांनी आपल्यासाठी ही रेघ २३ वर ओढलेली आहे. पोटाचा घेर विचारत नसेल तर ते ॲप आपल्या माणसासाठी अर्धवटच समजा. पुरुषाला ९० सेंटिमीटर आणि बाईला ८० सेंटिमीटर ही घेराची मर्यादा. चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन यांच्या संस्थेनं २००५ साली एक साधी गुणपद्धत दिली : वय, कमरेचा घेर, हालचाल आणि आईवडलांना मधुमेह आहे का, एवढ्या चार गोष्टींवर शंभरपैकी गुण. ६० किंवा जास्त आले तर धोका मोठा. पन्नाशी ओलांडली असेल तर त्याचेच ३०, बैठं काम आणि व्यायाम नाही याचे ३०. लातूरच्या गंजगोलाईतला पन्नाशीचा दुकानदार इथंच साठावर पोचतो, घेर आणि घराणं मोजायच्या आधी. हे कागदावरही मांडता येतं, त्याला ॲप लागत नाही.

मग मोबाइलचा उपयोग होतो का? होतो, आणि त्याचा चांगला पुरावा आपल्याच देशातला आहे. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन यांनी आधी फोनशिवायचा अभ्यास केला. बॉर्डरवरचे ५३१ लोक तीन वर्षं पाहिले. ज्यांना फक्त नेहमीचा सल्ला दिला त्यांच्यातल्या १०० पैकी ५५ जणांना मधुमेह झाला. आहार आणि चालणं याकडं ज्यांनी पाठपुराव्यासह लक्ष दिलं, त्यांच्यात हे प्रमाण ३९ वर आलं. हे २००६ साली प्रसिद्ध झालं. अमेरिकेतल्या २००२ च्या मोठ्या अभ्यासात तर वजन सात टक्क्यांनी उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालणं एवढ्यानं मधुमेहाचा धोका ५८ टक्क्यांनी घटला होता. अडचण एकच होती. दर आठवड्याला माणसाच्या मागं लागायला समुपदेशक कुठून आणायचे?

इथं फोन आला. रामचंद्रन यांनी बॉर्डरवरचे ५३७ नोकरदार पुरुष घेतले, सगळ्यांना एकदा समोर बसवून नीट समजावलं, आणि त्यातल्या निम्म्यांना आठवड्यातून दोन-चार साधे एसएमएस पाठवत राहिले. ॲप नाही, इंटरनेट नाही. दोन वर्षांनी मेसेज न मिळालेल्यांपैकी २७ टक्क्यांना मधुमेह झाला होता, मेसेज मिळालेल्यांपैकी १८ टक्क्यांना. हा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला आणि जगभर गाजला. साध्या नोकिया फोनवरही १२ भाषांत, सहा महिन्यांत ५६ संदेश पाठवण्याचा 'आरोग्य वर्ल्ड' या संस्थेचा उपक्रम त्याच सुमारास झाला. फळं-भाज्या खाण्यात आणि व्यायामात त्यानं फरक पडलेला दिसला.

पण पुढं भारत आणि ब्रिटनमधल्या दोन हजारांहून जास्त लोकांवर एसएमएसचाच मोठा अभ्यास झाला, आणि त्यात मधुमेह रोखण्यात स्पष्ट म्हणावा असा फरक निघाला नाही. हे सांगितलंच पाहिजे, कारण ॲप विकणारा ते सांगणार नाही. संदेश स्वस्त आहे, निरुपद्रवी आहे, पण तो एकटा पुरेलच असं नाही. मी लॅबमध्ये जे पाहते त्यावरून माझं मत असं झालं आहे की फोनच्या पलीकडं कुणी ओळखीचा माणूस असला, आणि तीन महिन्यांनी रक्त द्यायचं ठरलेलं असलं, तरच बहुतेकांचं टिकतं.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण लातूरचंच आहे. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात तेव्हा शिकवणारे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या व्याख्यानातून प्रेरणा घेऊन वजन आणि मधुमेहाविरुद्ध जी मोहीम उभी केली, ती आज घराघरांत 'दीक्षित डाएट' म्हणून माहीत आहे. दिवसातून दोनदा, खरी भूक लागेल तेव्हाच जेवायचं. जेवण ५५ मिनिटांत आटोपायचं. मधल्या वेळात पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा कोरा चहा असंच काही. आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. त्यावर वाद खूप झाले. दर दोन तासांनी थोडं थोडं खा म्हणणारे आहारतज्ज्ञ एका बाजूला, दोनदाच खा म्हणणारे दुसऱ्या बाजूला, आणि वर्तमानपत्रांतून महिनोन् महिने चर्चा. राज्य सरकारनं स्थूलतेविरुद्धच्या मोहिमेचे सदिच्छादूत म्हणून त्यांना नेमलं तेव्हा तर ती आणखी तापली.

दोन वेळांचं शास्त्र किती पक्कं, हा वाद डॉक्टरांनी सोडवावा. लॅबच्या खिडकीतून मला वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटली. ही मोहीम चालली ती व्हॉट्सॲपच्या गटांवर, फुकट. सुरू करण्याआधी एचबीए१सी आणि उपाशीपोटीचं इन्शुलिन तपासा, तीन महिन्यांनी पुन्हा तपासा, असं सांगितलं जायचं. गटात शंका विचारली की उत्तर द्यायला कुणीतरी माणूस असायचा. त्या काळात आमच्याकडं ज्यांना काहीच त्रास नाही अशी माणसं स्वतःहून रक्त द्यायला येऊ लागली. त्याआधी असं क्वचित व्हायचं. कुणी शेतकरी, कुणी तलाठी, कुणी शिक्षिका, हातात जुना रिपोर्ट आणि तोंडात, "ताई, बघा बरं, उतरली का." कोट्यवधी रुपये ओतून बनवलेल्या ॲपना जे जमवायला कष्ट पडतात, ते लातूरच्या एका प्राध्यापकानं सगळ्यांच्या फोनमध्ये आधीच असलेल्या हिरव्या चिन्हावर करून दाखवलं. मधुमेह रोखायच्या कामात मराठवाड्यानं राज्याला दिलेली ही देणगी आहे, असं मी मानते.

एक सावधगिरीची गोष्ट मात्र ठासून सांगते. ज्यांना आधीच मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू आहे त्यांनी जेवणाच्या वेळा डॉक्टरांना न विचारता बदलू नयेत. साखर एकदम उतरून चक्कर येते, माणूस गाडीवरून पडतो. गरोदर बाया, अंगावर पाजणाऱ्या आया, अठरा वर्षांखालची मुलं, पहिल्या प्रकारचा मधुमेह असलेले रुग्ण यांनी तर असे प्रयोग करूच नयेत.

आता जेवणाची नोंद ठेवणाऱ्या ॲपकडं येऊ. इथं मराठवाड्याच्या माणसाची सगळ्यात जास्त पंचाईत होते. ताटाचा फोटो काढला तर ॲप ज्वारीच्या भाकरीला चपाती म्हणतं, येसर आमटीला सांबार म्हणतं, सुशीला आणि धपाटे त्याच्या गावीही नसतात. निलंगा राईस लिहिला तर साधा पुलाव धरतं. मी एकदा सवयीनं पीठ वजनकाट्यावर ठेवलं. आमच्या घरच्या एका भाकरीला ८० ग्रॅमच्या आसपास पीठ लागतं. १०० ग्रॅम ज्वारीत साधारण ३३५ कॅलरी असतात, म्हणजे एक भाकरी पावणेतीनशेच्या घरातली. मी वापरत होते त्या ॲपनं धरलेली भाकरी याच्या निम्मीही नव्हती. दोन भाकऱ्या खाणारा माणूस त्याच्या हिशेबात अडीचशेहून जास्त कॅलरी पोटातून गायब करत होता, रोज.

यावर उपाय आहे. बऱ्याच ॲपमध्ये स्वतःचा पदार्थ भरून ठेवता येतो. घरचं पीठ, तेल, डाळ एकदा मोजून 'आमची भाकरी', 'आमचं वरण' अशा नोंदी करून ठेवल्या की पुढं अडत नाही. एवढा उटारेटा ज्यांना जमणार नाही त्यांनी कॅलरी मोजूच नयेत. त्याऐवजी दोन गोष्टींची टिपणं ठेवावीत : चहातली साखर आणि ताटातली डाळ-भाजी. आयसीएमआरच्या अभ्यासांत भारतीयांच्या रोजच्या कॅलरीतल्या ६० टक्क्यांहून जास्त भात, पोळी, भाकरी, साखर अशा पिष्टमय पदार्थांतून येतात असं दिसलं आहे. बॉर्डरवरच्यांसाठी हे प्रमाण ५० ते ५६ टक्क्यांवर आणावं आणि प्रथिनं वाढवावीत, असं त्याच संशोधकांचं २०२२ चं म्हणणं. लातूरला देशभर नाव आहे ते तूरडाळीच्या बाजारपेठेसाठी. तिथल्याच माणसाच्या ताटात पातळ आमटीची एक वाटी आणि भाताचा डोंगर असावा, हे मला पटत नाही. घट्ट वरण, भिजवलेली मटकी, मूठभर शेंगदाणे, अंबाडीची किंवा मेथीची भाजी वाढवून भात एक वाटीवर आणला तरी ताट बरंच बदलतं.

आणि चहा. आडत दुकानात गादीवर बसलेल्या माणसाला दिवसातून सहा कट होतात, येईल त्या गिऱ्हाइकासोबत एक. प्रत्येकात चमचाभर साखर धरली तरी ३० ग्रॅम झाली. जागतिक आरोग्य संघटना दिवसाची वरून घातलेली साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते. "मी गोड खातच न्हाई," असं सांगणाऱ्या माणसाकडं चहा मोजायला सांगणारी एक साधी नोंदवही, मग ती फोनमधली का असेना, डोळे उघडायला पुरते.

चालण्याच्या बाबतीत फोन खरोखर कामाचा आहे. पावलं मोजण्याची सोय बहुतेक स्मार्टफोनमध्ये असते, वेगळे पैसे लागत नाहीत. नांदेड-लातूरचा उन्हाळा ४२ अंशांच्या वर जातो, तेव्हा सकाळी सातच्या आत नाहीतर दिवस मावळल्यावरच चालणं होतं, आणि ती वेळ चुकली की दिवस गेला. म्हणून फोनला आठवणीचा गजर त्या दोन वेळांचा लावा. जेवणानंतर पंधरा-पंधरा मिनिटं चालल्यानं दिवसभराची साखर चांगली आवरते, असं वयस्कर लोकांवरच्या एका छोट्या अमेरिकन अभ्यासात २०१३ साली दिसलं. आमच्या आज्या-पणज्या शतपावली करा म्हणायच्या; ती शंभरावर न थांबवता पंधरा मिनिटं करायची एवढंच.

मात्र शेतात राबणाऱ्या बाईचा हिशेब फोनला लागत नाही. खुरपणीला, काढणीला जाताना ती फोन नेतच नाही, नेला तरी बांधावरच्या पिशवीत भाकरीसोबत पडलेला असतो. संध्याकाळी ॲप तिला सांगतं की आज तुमची हालचाल झाली नाही. अशा बाईला चालण्याचा उपदेश करू नये. तिला जेवणातली डाळ, भाजी आणि पुरेशी झोप यांची गरज आहे.

बायांचा विषय निघाला म्हणून इथं जरा थांबते. चेन्नईच्या त्या गाजलेल्या अभ्यासातले सगळेच्या सगळे ५३७ जण पुरुष होते. आमच्या भागात घरात एकच चांगला फोन असेल तर तो दिवसा नवऱ्याच्या खिशात आणि रात्री मुलाच्या अभ्यासाला असतो. बाईच्या नावानं आलेला तपासणीचा मेसेज घरातला दुसराच कुणी वाचतो आणि सांगायचं राहून जातं. गरोदरपणात शुगर वाढलेल्या बाईला पुढं मधुमेहाचा धोका मोठा असतो, बाळंतपणानंतर सहा ते बारा आठवड्यांत पुन्हा तपासायचं असतं आणि नंतरही नियमित. आमच्याकडं बाळंतपणानंतर अशी तपासणीला येणारी बाई मोजकीच. तुमच्या घरात अशी सून, लेक, बहीण असेल तर तिच्या तपासणीची तारीख तुमच्या फोनमध्ये टाका आणि तिला घेऊन या.

आता फसवणुकीबद्दल. कॅमेऱ्यावर बोट ठेवा, शुगर सांगतो, असं म्हणणारी ॲप सर्रास फिरतात. सुई न टोचता शुगर मोजणारी घड्याळं आणि अंगठ्याही ऑनलाइन विकल्या जातात. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं, एफडीएनं, फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर इशारा दिला की सुई न टोचता स्वतःहून शुगर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला त्यांनी मान्यता दिलेली नाही. असं घड्याळ घालून आलेल्यांचं रक्त आम्ही तपासतो तेव्हा दोन आकड्यांचा मेळ बसत नाही. त्या घड्याळाच्या भरवशावर कुणी निर्धास्त राहिला तर त्याचं नुकसान कुणीच भरून देणार नाही.

दंडाला चिकटवायचे सेन्सर वेगळे. त्यांची बारीक सुई कातडीखाली असते, चौदा दिवस ते फोनवर आकडे पाठवतात आणि ते खरे असतात. पण एकेकाला काही हजार रुपये पडतात. बॉर्डरवरच्या माणसाला त्याची सहसा गरज नसते. तेवढ्या पैशांत घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांची तपासणी होईल. वर्षाची वर्गणी मागणाऱ्या ॲपबद्दलही मी हेच म्हणेन. त्यात समोर बोलणारा आहारतज्ज्ञ मिळत असेल, तो मराठी बोलत असेल आणि भाकरी ओळखत असेल, तर विचार करा. नुसते रंगीत तक्ते असतील तर पैसे जाऊ देऊ नका. आणि पावलं मोजणाऱ्या ॲपला तुमच्या फोनमधले सगळे नंबर कशाला हवेत, हे त्याला परवानगी देताना स्वतःला विचारा. माझ्या ओळखीच्या एकांनी कुठल्याशा ॲपमध्ये आपली शुगर भरली आणि आठवडाभरात त्यांना साखर मुळासकट घालवणाऱ्या चूर्णाचे फोन सुरू झाले.

सरकारी यंत्रणेतही आता फोन आणि टॅब आले आहेत, हे फार जणांना माहीत नसतं. गावातली आशाताई तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा एक फॉर्म भरते : वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, आठवड्यातला व्यायाम, घरातला मधुमेह. गुण चारच्या वर गेले की त्या माणसाला तपासणीसाठी आधी बोलवायचं असतं. पूर्वी ज्यांना उपकेंद्र म्हणायचे त्यातल्या बहुतेकांना आता 'आयुष्मान आरोग्य मंदिर' असं नाव आहे. तिथले समुदाय आरोग्य अधिकारी बोटाला टोचून शुगर आणि रक्तदाब मोफत तपासतात, आणि लागलं तर ई-संजीवनीवरून मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांशी बोलणं करून देतात. आशाताई दारात आली की, "आमाला कायबी झालं न्हाई," म्हणून तिला परत पाठवू नका. तिच्या हातातला तो टेप आणि तो फॉर्म कुठल्याही विकतच्या ॲपपेक्षा आपल्या माणसांना जास्त ओळखतो.

माझा स्वतःचा ६.१ पुढं ५.७ वर आला. मी कुठलं महागडं ॲप घेतलं नाही. फोनमध्ये पावलं मोजली, रात्रीचा भात सोडून वरण-भाजी वाढवली, लातूरच्या मैत्रिणींच्या गटावर दर रविवारी आठवड्याचा हिशेब टाकला आणि ठरल्या तारखेला सहकारी मुलीकडून स्वतःचं रक्त काढून घेतलं.

तुमचं वय तीसच्या पुढं असेल, आईवडलांपैकी कुणाला मधुमेह असेल किंवा पोटाचा घेर वाढला असेल, तर या आठवड्यात उपाशीपोटी एकदा तपासणी करून घ्या, गावात मोफत किंवा शहरात पैसे देऊन, कशीही. आकडा बॉर्डरवर आला तर डॉक्टरांना दाखवा, आणि रिपोर्टची घडी घालायच्या आधी त्याचा फोटो काढून घरातल्या एका तरी माणसाला पाठवा. पुढच्या तीन महिन्यांनंतरची तारीख तिथंच, काउंटरवर उभं राहून, फोनमध्ये टाका. आणि ती तारीख आली की रक्त द्यायला या.